सीआयएफ रॉटरडॅम लिहिलंय, पण भाव कुठे लिहिलाय?

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले. घरची थॉमसन द्राक्षांची बाग आहे आणि आजूबाजूच्या सहा-सात बागायतदारांना धरून गट केलाय. आत्तापर्यंत एक्सपोर्टवाले बागेत यायचे, जागेवर सौदा व्हायचा, पॅकिंग त्यांचं, पैसे कधी महिन्यात तर कधी तीन महिन्यांनी. मागच्या सीझनला एकाने निम्मा खुडा झाल्यावर भाव पाडला, तेव्हापासून डोक्यात आहे की यंदा आपणच पाठवायचं. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) निघालंय, अपेडाचं (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं) रजिस्ट्रेशन झालंय, बागा ग्रेपनेटवर (अपेडाच्या ऑनलाइन नोंदणीत) आहेत, अपेडा मान्यतेचं पॅकहाऊस प्री-कूलिंगसकट भाड्याने मिळतंय. नेदरलँडच्या एका इंपोर्टरचा मेल आलाय, दोन कंटेनर पाठवा म्हणतो, सीआयएफ रॉटरडॅम, ३० टक्के ॲडव्हान्स, बाकीचे माल विकल्यावर अकाउंट सेल्सप्रमाणे. फॉरवर्डरने (जहाजाचं बुकिंग करून देणाऱ्याने) जहाजाचे दोन रेट दिलेत, एक डायरेक्ट आणि एक कोलंबोला उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवणारा, दुसरा बराच स्वस्त आहे. सीआयएफ घ्यावं का एफओबी? स्वस्त जहाज चालेल का? वडील म्हणतात नसत्या भानगडीत पडू नको, जागेवर दे आणि मोकळी हो.
– द्राक्षवाल्याची मुलगी

उत्तर

ताई, प्रश्न दोन्ही बरोबर आहेत पण क्रम चुकलाय. सीआयएफ का एफओबी, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा आपण भरायचा का खरेदीदाराने, ते नंतर बघू, आधी तो मेल परत उघडा आणि किलोचा भाव कुठे लिहिलाय ते शोधा. नाहीये ना? ३० टक्के ॲडव्हान्स म्हणतोय, पण ३० टक्के कशाचे? भाव ठरला नसेल तर टक्के काढणार कशावर, तर तो त्याच्या मनातल्या एका अंदाजी आकड्यावर, जो तुम्हाला माहीत नाही. अकाउंट सेल्स म्हणजे आपली पट्टीच हो. वाशीला आडत्याकडे माल टाकला की तो विकतो, त्यातून हमाली, तोलाई असे खर्च कापतो आणि उरलेले तुमच्या हातावर ठेवतो, अगदी तसंच. फरक एवढाच की वाशीला शंका आली तर पहाटेची गाडी पकडून गाळ्यावर जाऊन उभं राहता येतं, रॉटरडॅमला ते होत नाही.

आता यातली गोम सांगते, ही भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. सीआयएफमध्ये नियमाप्रमाणे जहाजाचं भाडं आणि विमा तुम्ही भरायचा, पण जोखीम मात्र न्हावाशेव्याला कंटेनर जहाजावर चढला की तिथेच संपते, पुढे समुद्रात काही झालं तरी कागदोपत्री माल खरेदीदाराचा आणि पैसे त्याने द्यायचेच. म्हणजे खर्च रॉटरडॅमपर्यंत तुमचा पण काळजी न्हावाशेव्यापर्यंतच. हे ऐकायला किती छान आहे! पण हे सगळं कधी, तर भाव पक्का असेल तेव्हा. तुमच्या सौद्यात बाकीचे ७० टक्के विक्रीवर अवलंबून आहेत, मग माल उशिरा पोचला, देठ वाळले, मणी मऊ पडले, बाजार कोसळला, जे काही होईल ते शेवटी पट्टीत उतरणार आणि पट्टी तुमची. तो नियम दाखवून तुम्ही भांडू शकता पण भांडण कशावर करणार, आकडाच नाही तर. म्हणजे सीआयएफचा खर्च पूर्ण तुमच्या गळ्यात आणि सीआयएफचा फायदा मात्र शून्य.

म्हणून पहिलं काम, मिनिमम गॅरंटी मागा. फळांच्या धंद्यात ही काही नवीन मागणी नाही, एमजी म्हणतात तिला, इंपोर्टरला बरोबर कळतं. किलोला अमुक युरोच्या खाली जाणार नाही, वर गेलं तर फरक आम्हाला, अशी. किती मागायची हा हिशोब तुमच्या घरीच आहे, आज जागेवर जो भाव मिळतोय त्याने एका कंटेनरच्या मालाचे किती होतात ते धरा, त्यात खुडा, पॅकिंग, पनेट (छोटे प्लास्टिकचे डबे), पेट्या, पॅड, प्री-कूलिंग, ट्रेलर, सीएचए (कस्टमचा एजंट), जहाज, विमा आणि दोन-तीन महिने पैसे अडकणार त्याचं व्याज घाला, आणि आलेल्या बेरजेला १३ हजार किलोंनी म्हणजे एका ४० फुटी रीफरमध्ये (माल गार ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये) साधारण जेवढा माल बसतो तेवढ्याने भागा. जो आकडा येईल त्याच्या खाली एमजी असेल तर वडिलांचं बरोबर आहे, जागेवर द्या आणि मोकळ्या व्हा, त्यात कमीपणा काही नाही. आणि तो एमजीच द्यायला तयार नसेल तर निदान त्याचं कमिशन किती, रॉटरडॅमला कोणकोणते खर्च कापणार, ड्युटी कुणाची, कोल्ड स्टोअरचं भाडं किती, रिपॅकिंग केलं तर पनेटमागे किती, ही यादी आधी लेखी घ्या. पट्टीतली गळती नेहमी रिपॅकिंग आणि "इतर खर्च" या दोन ओळींत असते.

आता तुमचा सीआयएफ-एफओबी. लोक सरळ सांगतात की नवख्याने एफओबी घ्यावं, जहाजाची डोकेदुखी खरेदीदाराला द्यावी. भाव पक्का असेल किंवा एमजी चांगली असेल तर मीही हेच सांगेन. पण पट्टीवरच माल जाणार असेल तर उलटं करा, बुकिंग तुम्हीच करा. कारण एफओबी म्हणून त्याने जहाज लावलं तरी भाडं शेवटी तो पट्टीतूनच कापणार, मग ते त्याच्या रेटने कापण्यापेक्षा तुमच्या रेटने गेलेलं बरं, निदान कुठलं जहाज, किती दिवस, किती डॉलर हे तुमच्या हातात राहतं. आणि एक बारकी गोष्ट, एफओबी हा शब्द कंटेनरसाठी खरं तर बसतच नाही, कारण तुम्ही कंटेनर टर्मिनलच्या गेटवर देता, जहाजावर नाही, आणि गेटपासून जहाजापर्यंत तो यार्डात प्लगवर (विजेला जोडून) दोन-चार दिवस उभा राहू शकतो, त्या दिवसांची जोखीम एफओबीत तुमचीच राहते. इन्कोटर्म्स म्हणजे हे सीआयएफ-एफओबीचे नियम काढणारं जे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स आहे तेच सांगतं की कंटेनरला एफसीए वापरा, त्यात ठरलेल्या जागी कंटेनर सोपवला की तुमची जोखीम संपते. आपल्याकडे सगळे सवयीने एफओबीच लिहितात, खरेदीदार ऐकत असेल तर एफसीए न्हावाशेवा लिहून घ्या, नसेल ऐकत तर त्यावरून सौदा मोडू नका.

स्वस्त जहाजाचं. डॉलरमध्ये बघितलं की डोळे दिपतात, किलोत बघा. समजा दोन रेटमध्ये ६०० डॉलरचा फरक आहे, १३ हजार किलोवर वाटला तर किलोला पाच सेंटही पडत नाहीत, म्हणजे चारेक रुपये. आणि कोलंबोला पुढचं जहाज चुकलं तर आठवडा गेला, त्या आठवड्यात देठ हिरव्याचा तपकिरी झाला की किलोमागे चार रुपये नाही, त्याच्या कित्येक पट जातात. कोलंबोला कंटेनर प्लगवर असतो त्यामुळे गार राहतो, भीती गारव्याची नाही, भीती जोडणीची आहे. म्हणून पहिल्या वर्षी डायरेक्टच.

पण फॉरवर्डर "डायरेक्ट" म्हणाला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. त्याला रोटेशन विचारा, म्हणजे जहाज कुठून कुठे कुठे थांबत जातं. न्हावाशेव्याहून निघून मुंद्रा, हजिरा करत मग बाहेर पडणार असेल तर तुमची द्राक्षं अरबी समुद्रातच चार दिवस काढतात आणि तुम्हाला सांगितलेले दिवस शेवटच्या भारतीय बंदरापासून मोजलेले असतात. तिकडेही तेच, आधी लंडन गेटवे, मग अँटवर्प, मग रॉटरडॅम असं असेल तर वेगळं, आणि रॉटरडॅम पहिलं असेल तर वेगळं. तिसरा प्रश्न, सुएझमधून का आफ्रिकेला वळसा घालून. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करायला सुरुवात केली तेव्हापासून बहुतेक मोठ्या लाइन्सनी म्हणजे जहाज कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, २०२४ च्या सीझनला नाशिकच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते याच्यामुळेच. ही परिस्थिती सारखी बदलते त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका, तुमच्या तारखेच्या तुमच्या जहाजाचं विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या, फोनवर नाही. फेब्रुवारी-मार्चला अख्ख्या नाशिकला रीफर लागतात, तेव्हा बुकिंग दोन-तीन आठवडे आधी नको का करायला?

कागदांचं फार लांबवत नाही, ग्रेपनेटवर तुम्ही आहातच म्हणजे लॅब रिपोर्ट, ॲगमार्क, फायटो (रोग-कीड नसल्याचा दाखला) ही साखळी तुम्हाला ठाऊक आहे. २०१० ला क्लोरमेक्वाट या फवारणीच्या औषधाच्या अंशावरून युरोपने नाशिकचा माल अडवला होता तेव्हा किती घरं बसली हे वडिलांना विचारा, ते सांगतील. तुमच्या गटात सहा-सात बागा आहेत, एकाने शेवटच्या दिवसांत भलतं औषध मारलं तर सगळा कंटेनर जातो, बाकीच्यांची चूक नसताना. पॅलेटवर उष्णता दिल्याचा तो गव्हाच्या ओंबीवाला शिक्का आहे का तेवढं बघा, सुताराकडून स्वस्तात ठोकून आणलेले पॅलेट तिकडे चालत नाहीत. व्हीजीएम म्हणजे कंटेनरचं खरं वजन, ते दिल्याशिवाय जहाजावर चढत नाही, २०१६ च्या जुलैपासून जगभर तसंच आहे. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा अर्ज सीएचए आइसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) टाकेल, पॅकहाऊसलाच स्टफिंग करून म्हणजे कंटेनर तिथेच भरून आरएफआयडीचं ई-सील मारलं की बंदरात कंटेनर उघडायची वेळ सहसा येत नाही, आणि द्राक्षांना तेच पाहिजे. बँकेचा एडी कोड (परदेशी पैशांचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) न्हावाशेव्याला नोंदवलाय का हे मात्र आजच विचारा, नवख्यांचं पहिलं शिपिंग बिल हमखास तिथे अडतं आणि मग कंटेनर गेटवर आणि आपण बँकेच्या मॅनेजरला फोनवर.

आता ज्या दिवसावर सगळा सीझन अवलंबून आहे त्या दिवसाबद्दल, म्हणजे स्टफिंगचा दिवस. रीफर हा फ्रीज नाहीये, तो गार माल गार ठेवतो, गरम माल गार करायची त्याची ताकद नसते. हे पॅकहाऊसवाल्यांना माहीत असतं पण रात्री अकराला ट्रेलर उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, दुसऱ्या दिवशीचा कट-ऑफ म्हणजे बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची वेळ आहे, आणि शेवटचे चार पॅलेट प्री-कूलिंगमधून दोन तास आधीच काढलेले असतात कारण चेंबर दुसऱ्याला द्यायचंय. तेव्हा तिथे तुम्ही असायला पाहिजे, हातात सुईचा थर्मामीटर घेऊन. पॅलेटच्या बाहेरच्या पेटीत नाही, मधल्या पेटीतला मणी घ्या, सुई आत घाला, शून्य ते एक दिसलं पाहिजे. चार-पाच दाखवत असेल तर तो पॅलेट परत आत, ड्रायव्हर ओरडला तर ओरडू दे. प्रत्येक पॅलेटचं रीडिंग कागदावर, आणि कंटेनर नंबर दिसेल असा फोटो.

लोड करण्याआधी रिकाम्या कंटेनरमध्ये जा, बाहेर एक माणूस उभा ठेवून दार ओढून घ्या आणि कुठून उजेडाची तिरीप येते का बघा, आली तर दाराचा रबर फाटलाय, कंटेनर बदलून मागा. नाकही वापरा, आधी मासळी नाहीतर कांदा गेलेला असला तर वास लगेच कळतो. सेटिंग किती ठेवायचं, व्हेंट (हवेची खिडकी) बंद का उघडा, हे बुकिंगवर जे लिहिलंय तेच मशीनच्या डिस्प्लेवर आहे का आणि नंतर तेच बीएलवर (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर) आलंय का, तिन्ही जुळवा. आतल्या भिंतीवर लाल रेघ असते, पेट्या तिच्या वर नाहीत, नाहीतर हवा फिरत नाही. आणि डेटा लॉगर (तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र) दोन टाका, एक मधल्या पॅलेटमध्ये, एक दाराजवळ वरती, त्यांचे नंबर पॅकिंग लिस्टवर लिहा म्हणजे तिकडे "आम्हाला मिळालाच नाही" म्हणता येत नाही. पाच-दहा डॉलरची वस्तू आहे ती आणि लोक तिच्यातच काटकसर करतात, काय बोलायचं.

लॉगर का म्हणते ते ऐका. आमच्याकडे एकदा एका पार्टीचा ग्राफ आला होता, सगळी रेघ शून्यावर सरळ आणि सुरुवातीलाच एक टेंगूळ, स्टफिंगच्याच रात्री साडेअकरा ते दोनच्या मध्ये. ट्रेलरवाला ढाब्यावर थांबला होता, जेवला, झोपला, आणि डिझेल वाचवायला जेनसेट (कंटेनर गार ठेवणारा जनरेटर) बंद केला होता, उठल्यावर परत चालू. अडीच तास! त्याला वाटलं गार पेटी आहे, राहील गार. पण आतली हवा तापली की मण्यांवर दव धरतं, ग्रेप गार्डचा पॅड ओला होतो, आणि पॅडमधला सल्फर डायऑक्साइड जो महिनाभर हळूहळू सुटायला पाहिजे तो एकदम सुटतो, मग मणी देठाजवळ पांढरे पडतात आणि पुढे बुरशी आली तर तिला आवरायला गॅस उरलेला नसतो. तिकडे उघडल्यावर सगळे म्हणतात द्राक्षच कच्च्या दमाचं होतं. म्हणून ट्रान्सपोर्टरला जेनसेटचं डिझेल वेगळं द्या, ड्रायव्हरच्या हातात द्या, आणि जमलं तर लाइव्ह लोकेशनवाला लॉगर लावा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, टोल जास्त पडतो पण पडू दे. पुढे आमण्यापासून न्हावाशेव्यापर्यंतचं ट्रॅफिक आहे तसंच आहे, त्यामुळे कट-ऑफच्या दिवशी सकाळी पोचेल असा हिशोब करू नका, आदल्या दिवशी संध्याकाळी पोचेल असा करा. कट-ऑफ चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर रोल होतो आणि तोपर्यंत प्लगचं भाडं रोज चालू.

बीएलकडे वळू. ड्राफ्ट आला की त्याच दिवशी डोळ्यात तेल घालून वाचा. शिपर म्हणून तुमच्या गटाचं नाव आहे ना, फॉरवर्डरचं नाही ना. फॉरवर्डर स्वतःचं हाऊस बीएल देणार असेल तर लक्षात ठेवा की उद्या क्लेम झाला तर तुमचा करार लाइनशी नाही, त्याच्याशी आहे, मग तो किती पाण्यात आहे ते आधी बघा. आणि टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ बीएल न दाखवताही माल सोडायची परवानगी. हा शब्द इंपोर्टर पहिल्या आठवड्यातच काढतो, टेलेक्स करून टाका, कागद कुरिअरने यायला वेळ जातो, नाशवंत माल आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही, कागद अडवून ठेवले तर रॉटरडॅमला डेमरेज (कंटेनर अडकून पडल्याचं भाडं) आणि प्लगचा मीटर पळतो आणि द्राक्षंही थांबत नाहीत. पण एकदा टेलेक्स दिला की माल त्याच्या हातात आणि तुमच्या हातात फक्त मेल. मधला रस्ता असा, ३० टक्के स्टफिंगच्या आधी खात्यात, आणखी ४० टक्के बीएलची कॉपी दाखवल्यावर पण टेलेक्स देण्याआधी, आणि उरलेले पट्टी आल्यावर, आणि हे टक्के एमजीच्या आकड्यावर. यातलं सगळं तो मान्य करणार नाही, पण दुसऱ्या हप्त्याला तो अजिबातच तयार नसेल तर तो तुमच्या पैशांवर धंदा करतोय एवढं समजा.

विम्याचं बहुतेक लोक शेवटी बघतात आणि तिथेच फसतात. सीआयएफमध्ये विक्रेत्याने कमीत कमी जो विमा काढायचा असतो तो इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज सी, त्यात जहाज बुडालं, आग लागली, टक्कर झाली असल्या गोष्टी येतात, द्राक्ष सडलं हे त्यात बसत नाही. तुम्हाला पाहिजे तो क्लॉज ए, म्हणजे सगळ्यात मोठं संरक्षण देणारा, त्याला जोडून रीफर मशीन बंद पडण्याचं कव्हर, आणि वॉर व स्ट्राइक वेगळं. मशीनच्या कव्हरमध्ये सहसा सलग २४ तास बंद असल्याची अट असते, म्हणजे तो ढाब्यावरचा अडीच तासाचा प्रकार त्यात येत नाही, हे एजंट आपणहून सांगत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उशिरामुळे झालेलं नुकसान क्लॉज एमध्येसुद्धा नाही, उशीर कशामुळेही झालेला असो. जहाज आफ्रिकेला वळसा घालून दोन आठवडे उशिरा गेलं आणि त्यात माल खराब झाला, तर विमा कंपनी हात वर करणार आणि कायद्याने तिचं बरोबर असणार. पण विमा नकोच असं म्हणू नका, २०२१ च्या मार्चमध्ये सुएझमध्ये ते एव्हर गिव्हन अडकलं होतं ना, त्यावर जनरल ॲव्हरेज लागू झालं, म्हणजे जहाज सोडवण्याचा खर्च माल असलेल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा, आणि ज्यांचा विमा नव्हता त्यांना स्वतः हमी भरल्याशिवाय कंटेनर सुटणार नव्हता. ईसीजीसीचं (सरकारच्या निर्यात विमा कंपनीचं) कव्हर इंपोर्टर बुडाला किंवा पैसे दिलेच नाहीत तर कामाला येतं, त्यांच्याकडून त्या इंपोर्टरवर लिमिट मिळते का एवढं विचारलं तरी तो कसा आहे याचा अंदाज येतो. पण त्याने मालाच्या क्वालिटीवरून वाद काढला तर तो वाद मिटेपर्यंत क्लेम हलत नाही, आणि फळात वाद काढायला काय लागतं, चार मऊ मणी.

त्यामुळेच माल पोचल्यावरचं कलम आधी लिहून घ्या. कंटेनर उघडल्यापासून ४८ तासांत क्यूसी म्हणजे मालाच्या तपासणीचा रिपोर्ट, फोटोसकट, लॉगर डाउनलोडसकट, त्यानंतर आलेली तक्रार ग्राह्य नाही. तक्रार आलीच तर स्वतंत्र सर्व्हेअर, त्याचा खर्च अर्धा-अर्धा. मशीन बिघडल्याचं लॉगरवर दिसलं तर लाइनला लगेच लेखी कळवा, बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस डिलिव्हरीपासून तीन दिवसांत द्यायची असते आणि दावा एका वर्षाच्या आत, हे बीएलच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं असतं.

वडिलांबद्दल. ते भित्रे आहेत असं समजू नका. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, मजुरांचे पैसे त्या त्या आठवड्याला द्यायचे असतात, आणि तुमच्या पट्टीचे पैसे लवकरात लवकर एप्रिल-मेला दिसणार. माझं मत, यंदा एकच कंटेनर पाठवा, उरलेला माल जागेवर द्या, भले दोन रुपये कमी मिळाले तरी. इंपोर्टर म्हणेल दोनशिवाय परवडत नाही, तर म्हणू दे, एक कंटेनर घेणारे पुष्कळ आहेत.

आणि गटाचं. त्या एका कंटेनरमध्ये कुणाच्या किती पेट्या, कुठल्या पॅलेटवर, हे स्टफिंगच्या वेळीच लिहा, पेटीवर प्लॉट नंबर असतोच तो फुकट घालवू नका. समजा तिकडून रिपोर्ट आला की दोन पॅलेटचे मणी मऊ निघाले, ते एकाच बागेतले आहेत, तर तोटा त्याचा एकट्याचा का सगळ्यांचा? हे माल जाण्याआधी बसून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठरवा. नेदरलँडशी भांडण झालं तर फार तर पैसे जातात, बांधाला बांध लागून असलेल्याशी झालं तर रोज सकाळी तोंड बघायचं असतं.

आज रात्री मेल टाका, इंग्रजीची भीती बाळगू नका, त्याचंही इंग्रजी दुसऱ्या भाषेतलंच आहे. एक कंटेनर, किलोला एवढी एमजी, पेमेंट तीन टप्प्यांत, खर्चाची यादी आणि कमिशन लेखी, क्यूसी ४८ तासांत, एवढंच लिहा, लांबण लावू नका. आणि त्याच्याकडून गेल्या सीझनला भारतातून माल घेतलेल्या दोन पार्ट्यांचे नंबर मागा, नंबर आले की खरंच फोन लावा आणि एकच विचारा, शेवटचा हप्ता कधी मिळाला. उत्तर काय आलं ते मला कळवा, फॉरवर्डरचं कोटेशन आणि रोटेशनही पाठवून द्या, बघून सांगते.